कुंकवाखालचा तडा

मी, देवीदास खुशालराव होले, वय वर्षे एकाहत्तर, धंदा लेथवर लोखंड कातणे, राहणार राजापेठ, अमरावती, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाखाली न येता, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मी सध्या रागात आहे. पण राग म्हणजे बुद्धिभ्रंश नव्हे, असं डॉक्टरांनी मला तपासून लिहून दिलं आहे आणि तो दाखला सोबत जोडला आहे. मला मोठा आजार कोणताही नाही. रक्तदाब आहे, आणि तो अकोल्याला फोन लावला की वाढतो.

मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. हे तसं ठेवायचं नाही. सही झाल्याबरोबर याची एक प्रत अकोल्याला माझा पुतण्या कुलदीप रामराव होले याच्या हातात जाईल, आणि त्याने ती येत्या रविवारच्या आधी, म्हणजे त्याच्या लग्नाच्या आधी वाचावी. सगळी वाचायला वेळ नसेल तर कलम दोन आणि तीन तरी वाचावीत. ज्या मोटरसायकलवर तो नवरीला घेऊन मूर्तिजापूरहून अकोल्याला येणार आहे, तिच्या पुढच्या चाकाला धरून ठेवणाऱ्या दांडक्यांपैकी एकाला तडा गेलेला आहे. मी तोंडाने सांगून थकलो, म्हणून आता कायद्याच्या भाषेत सांगतो.

कलम १. माझे वारस

माझी पत्नी जमुना वारली आहे. आम्हाला मूल झालं नाही. धाकटा भाऊ रामराव दोन वर्षांपूर्वी अकोल्याला वारला. माझी थोरली बहीण पार्वताबाई ही विधवा असून माझ्याकडेच राहते. म्हणजे होल्यांच्या घरात आमच्यानंतर एकटा कुलदीप उरतो, आणि या मृत्युपत्रातलं जवळजवळ सगळं त्याच्याच नावाने आहे. हे वाचून त्याला आश्चर्य वाटेल. वाटू द्या.

भावजय माणिकबाई हिला मी काही देत नाही. माझ्या घरचं तिला काही नको असतं आणि तिला काही द्यावं असं मलाही वाटत नाही, एवढ्या एका गोष्टीवर आमचं तीस वर्षं एकमत आहे.

कलम २. मोटरसायकल

युद्धाच्या काळातली बी.एस.ए. मोटरसायकल, जुन्या मध्यप्रांताच्या नंबराची, वडील कै. खुशालराव यांनी लष्कराच्या लिलावात घेतलेली. वडिलांचा अंजनगाव सुर्जीला फुलांचा आणि भाजीचा मळा होता. पहाटे शेवंतीचे भारे मागे बांधून ते अमरावतीच्या बाजारात यायचे आणि सुट्टी असली की आम्हा दोघा भावांना सोबत आणायचे, एकाला टाकीवर, एकाला भाऱ्यांच्या मधे. टाकीवर कोण बसणार यावरून आमची पहिली भांडणं झाली. पुढची सगळी त्याच गाडीवरून झाली.

गाडीचं आरसी बुक माझ्या नावावर आहे. गाडी मात्र रामरावच्या घरी, कारण वडील शेवटी तिकडे राहायला गेले आणि गाडी सोबत घेऊन गेले. कागद एका भावाकडे आणि गाडी दुसऱ्याकडे असली म्हणजे दोघं जितकं भांडू शकतात तितकं आम्ही भांडलो. रामराव असताना मी गाडीचा मॅग्नेटो, म्हणजे ठिणगी पाडणारं यंत्र, दुरुस्तीला म्हणून अमरावतीला आणला आणि परत दिला नाही. मॅग्नेटोशिवाय ती गाडी म्हणजे लोखंडाचं कपाट. त्यांनी कागदाशिवाय गाडी ठेवून घेतली, मी गाडीशिवाय मॅग्नेटो ठेवून घेतला. त्यात माझं काही चुकलं असं मी आजही मानत नाही. पण आज माझ्या बोलण्यावर अकोल्यात कोणी विश्वास ठेवत नाही त्याचं मूळ त्यात आहे, हे मला कळतं.

रामरावचं सगळं उरकल्यावर कुलदीप एकटाच माझ्याकडे आला. अकोल्याला एका डाळमिलचा हिशेब पाहतो तो, हाताला काळं लागलेलं कधी पाहिलं नव्हतं मी त्याच्या. वर्कशॉपच्या दारात उभा राहून म्हणाला, "काका, बाबा त गेले. आता कोनाशी भांडता तुमी? मॅग्नेटो द्या, अन् जे भाग बाजारात भेटत नाही ते बनवून द्या. आजोबाची गाडी चालू करू." मला त्या दिवशी फार बरं वाटलं. हे इथे लिहून ठेवतो, कारण त्या वेळी तोंडाने मी त्याला काहीच बोललो नव्हतो. माळ्यावरून मॅग्नेटो काढला, पुसला आणि त्याच्या पिशवीत टाकला.

तेव्हापासून दोन वर्षं मी त्या गाडीसाठी कातत आलो. ब्रेकचा कॅम, चाकाचे बुश, गिअरच्या दांड्याचा गुडघा, क्लचच्या तारेची टोकं. हे भाग आता कुठेच मिळत नाहीत. मिळाले तर दिल्लीचे मिळतात, आणि ते लोखंड आहे की रंगवलेलं आणखी काही, हे बसवल्यावरच कळतं. कुलदीप रविवारी सकाळच्या गाडीने यायचा, जुना झिजलेला भाग फडक्यात बांधून आणायचा आणि मी नवा काततो आहे तोवर शेजारी बसून मापं लिहून घ्यायचा. पार्वताबाई आम्हाला तिथेच चहा द्यायची. जमुना गेल्यापासून माझे रविवार इतके चांगले गेले नव्हते. टाकीला त्याने मरून रंग दिला, त्यावरून मी त्याला बरंच बोललो. ती टाकी मुळात लष्करी हिरवी होती आणि तशीच ठेवायला हवी होती. ते मत मी मागे घेत नाही.

सदर मोटरसायकल, तिचं आरसी बुक, तिच्यासाठी कातलेले व कातायचे राहिलेले सर्व भाग आणि मापांची सर्व चित्रं मी या मृत्युपत्राने कुलदीप यास देत आहे. तिच्यावर माझा कोणताही हक्क, दावा किंवा रुसवा शिल्लक राहत नाही. अट एकच. पुढची चौकट खोलून तिच्यातले चारही स्पिंडल, म्हणजे वर म्हटलेली दांडकी, बाहेर काढावेत आणि मी सोबत पाठवलेले चार नवे बसवावेत. हे अमरावतीला करायची गरज नाही. माझ्या हाताने करायची गरज नाही. अकोल्यातल्या कोणत्याही गॅरेजात करावं, मी तिथे उभासुद्धा राहणार नाही.

बक्षीसपत्र का केलं नाही, असं कोणी विचारील. बक्षीसपत्राला घेणाऱ्याचीही कबुली लागते, आणि माझ्या कोणत्याही कागदावर सही करायची नाही, असं माणिकबाईने त्याला बजावून ठेवलं आहे. मृत्युपत्राला घेणाऱ्याची सही लागत नाही.

कलम ३. तडा

हे कलम वाटपाचं नाही. पण माझ्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या वकील रागिणीबाई म्हणाल्या की अट का घातली याचं कारण मृत्युपत्रात लिहिता येतं, म्हणून लिहितो.

या जातीच्या गाडीला पुढे आतासारखे शॉकअप नसतात. दोन्ही बाजूंच्या दांड्यांची एक चौकट असते, मधे एक जाड स्प्रिंग, आणि ही चौकट गाडीला चार पोलादी दांडक्यांनी जोडलेली असते. बोटाएवढी जाड, वीतभर लांब, दोन्ही टोकांना आटे. यांना स्पिंडल म्हणतात. हँडल, पुढचं चाक आणि वर बसणाऱ्याचा जीव या चार दांडक्यांवर असतो.

नवरात्रात मी कुलदीपसाठी हे स्पिंडल केले. चार हवे होते, मी पाच केले. एक जास्तीचा करायची माझी पद्धत आहे. अष्टमीला त्यांना पाणी दिलं, म्हणजे लाल करून तेलात बुडवलं. असं केल्याने पोलाद कडक होतं, पण एखाद्या तुकड्याला बारीक तडा जाऊ शकतो आणि तो डोळ्याला दिसत नाही. म्हणून ते रात्रभर रॉकेलमध्ये ठेवायचे, सकाळी कोरडे पुसायचे आणि वरून खडूची पूड लावायची. तडा असला तर त्यात शिरलेलं रॉकेल बाहेर येतं आणि पांढऱ्या खडूवर ओली रेघ उमटते. मी तरुणपणी नोकरीला होतो त्या मिलच्या वर्कशॉपात महादेवराव उस्तादांनी मला हे शिकवलं. दुसरी गोष्ट त्यांनी शिकवली ती अशी की नापास तुकडा हातातून खाली ठेवायच्या आधी आरीने दोन करायचा, म्हणजे तो चुकून कोणाच्या गाडीत जात नाही. आणि पास झालेल्यावर कुंकवाचं बोट लावायचं. मी आयुष्यभर तसंच करत आलो.

नवमीला सकाळी पाचातल्या एकावर रेघ उमटली. आट्याच्या मुळाशी, केसाएवढी. मी आरीकडे हात नेला तर आरी जागेवर नव्हती. खंडेनवमी होती. पार्वताबाईने उजाडायच्या आत सगळी हत्यारं पाटावर मांडून त्यांची पूजा करून टाकली होती, आरीवर झेंडूचा हार होता. खंडेनवमीला पूजेतलं हत्यार उचलायचं नाही आणि लोखंड कापायचं नाही, हे आमच्या घरात वडिलांपासून आहे. मी तडा गेलेल्या स्पिंडलवर खडूने मोठी फुली मारली, तो खिडकीत वेगळा ठेवला, बाकीचे चार टेबलावर ठेवले आणि आंघोळीला गेलो. परत आलो तेव्हा पाचही पाटावर फुलांखाली होते, आणि पूजेतलं हलवायचं नाही म्हणून मी हात लावला नाही.

पार्वताबाईला मी नंतर विचारलं तेव्हा ती म्हणाली, "खिडकीत लोखंड पडलं होतं, ते का देवापुढं ठेवाचं नाई? पांढरं लागलं होतं त्याले, फडक्यानं पुसलं. पाचीले हयद-कुकू लावलं. यात माह्यं काय चुकलं सांग." तिचं काही चुकलं नाही. पूजेत बसवायची वस्तू पुसून घेतात आणि तिला कुंकू लावतात.

दसऱ्याला संध्याकाळी मी सोनं द्यायला बाहेर गेलो असताना कुलदीप अकोल्याहून आला. आत्याला सोनं दिलं, पाया पडला, आणि पाटावरच्या पाच स्पिंडलांपैकी चार उचलून घेऊन गेला. लहानपणी माझ्या वर्कशॉपात खेळताना मीच त्याला सांगितलं होतं की कुंकू असेल तर पास. पाचहीवर कुंकू होतं.

मी परत आल्यावर पाटावर एक उरलेला पाहिला आणि समजलो की पोराने फुली पाहून नेमका तडा गेलेला मागे ठेवला. चार दिवसांनी तो कापायला घेतला तेव्हा त्यावर फुली नव्हती. म्हणून पुन्हा रॉकेलात ठेवला, पुसला, खडू लावला. रेघ आली नाही. दुसऱ्यांदा केलं, तिसऱ्यांदा केलं. तो चांगला होता. म्हणजे वाईट होता तो अकोल्याला गेला होता. खडूचे हात तसेच घेऊन मी फोनकडे गेलो.

फोन केला तेव्हा कुलदीपने चौकट बसवून टाकली होती. मी म्हणालो, खोल. तो हसला आणि म्हणाला, "काका, चारी कुकवाचे होते. तुमच्याच घरचं कुकू." मी पुन्हा सांगितलं, आवाज चढला माझा. मग त्याचाही चढला. "तुमाले गाडी पाह्यजे त सरळ सांगा न. मांगं मॅग्नेटो नेला, तो बाबा जाईपर्यंत आला नाई. आता चौकट खोलून नेसान, अन् मी लग्नात पायी फिरीन." मी म्हणालो की चौकट नेत नाही, तुझ्याच अंगणात खोलतो. तो म्हणाला लग्न झाल्यावर पाहू.

मी नट खोलायचे पाने घेऊन अकोल्याला गेलो. माणिकबाईने मला बसवून चहा दिला. "भाऊजी, चहा घ्या. गाडीच्या खोलीची किल्ली कुलदीपजवळ हाय, अन् कुलदीप घरी नाई." कुलदीपच्या चपला दारात होत्या. मी चहा घेतला आणि परतीच्या एसटीत बसलो. नंतर कळलं की त्याने माझ्या समाधानासाठी एका मेकॅनिकला गाडी दाखवली. त्याने पुढचं चाक धरून हलवलं आणि टाइट आहे म्हणून सांगितलं. टाइट असणारच. आटे मी कातले आहेत.

मी त्याला असंही म्हणालो होतो की मला एकट्याला गाडीवर बसू दे, मूर्तिजापूर ते अकोला मी आधी चालवतो, मोडायचं ते माझ्याखाली मोडू दे. तो म्हणाला, म्हणजे गाडी अमरावतीला घेऊन जाल. मला तिथे त्याच्या बापाचा आवाज ऐकू आला.

तडा गेलेला स्पिंडल एकट्या माणसाच्या वजनाखाली, गल्लीतल्या वेगात, धरून राहतो. कुलदीप दिवाळीपासून कॉलनीत गाडी फिरवतो आहे आणि तिला काही झालेलं नाही, म्हणून त्याला वाटतं म्हातारा खोटं बोलतो. पण दर खड्ड्याला तडा थोडा पुढे सरकतो. मागे दुसरं माणूस बसलं, हमरस्त्याचा वेग आला आणि पुलाच्या जोडावर चाक आदळलं की तो उरलेलं अंतर एका दमात कापतो. मी हे पाहिलेलं आहे. मिलमधला माझा जोडीदार किशोर परतवाड्याच्या रस्त्याला अशाच चौकटीच्या गाडीवर माझ्या पुढे चालला होता. बाजारातून घेतलेला स्पिंडल होता त्याचा. खड्डा लहान होता. पुढचं चाक मागे येऊन इंजिनाखाली अडकलं, गाडी जागच्या जागी थांबली आणि किशोर पुढे गेला. मी पोचलो तेव्हा त्याच्या हातात हँडलची रबरी मूठ तशीच होती. मोडलेल्या टोकाकडे पाहिलं तर अर्धा भाग जुना काळा आणि अर्धा नवा चकचकीत होता. काळा भाग म्हणजे तो आधीपासून तुटत आला होता. आम्ही दोघांनी त्याच सकाळी ती गाडी धुतली होती.

मग मी मूर्तिजापूरला नवरीच्या, आचलच्या, घरी गेलो. जायला नको होतं असं आता सगळे म्हणतात. आचलचे वडील सज्जन आहेत, त्यांची संत्र्याची बाग आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पत्रिका वाटून झाल्या. अन् तुमी मुलाकडचे असून असं अभद्र बोलून राह्यले?" मी निघालो तेव्हा आचल फाटकापर्यंत आली. बारीक आवाजात म्हणाली, "काका, खरंच मोडन का?" मी म्हणालो, "कधी ते सांगता येत नाही, बाई. मोडणार हे सांगता येतं." ती म्हणाली, "मी सांगून पाह्यते त्याईले." त्यानंतर तिचा फोन आलेला नाही. दुसऱ्या दिवशी अकोल्याहून निरोप आला की मी लग्नाला आलो नाही तरी चालेल.

या कलमासोबत चार स्पिंडल जोडत आहे. नव्या पोलादाचे, दिवाळीनंतर कातलेले, प्रत्येक तीनदा तपासलेला, पांढऱ्या कापडात शिवलेले. त्यांच्यावर कुंकू नाही. यापुढे माझ्या वर्कशॉपातल्या कोणत्याच वस्तूवर कुंकू पाहून कोणी भरवसा ठेवू नये. हे चार कुलदीपने माझ्या मरणाची वाट न पाहता घ्यावेत. रागिणीबाई म्हणतात की मृत्युपत्रातली वस्तू आधी देता येत नाही, दिली तर ती मृत्युपत्रातली राहत नाही. मग नसू दे.

कलम ४. हत्यारे

मागच्या पत्र्याच्या खोलीतला लेथ, जो मिल बंद पडली तेव्हा मी लिलावात घेतला, ड्रिल, भट्टी, तेलाचं पिंप, आटे पाडायचे सर्व संच, आरी. हे सर्व कुलदीप यास. लेथ भंगारात देऊ नये. भंगारवाला जमुनाच्या सुतकातसुद्धा भाव विचारून गेला होता, त्याला या फाटकातून आत घेऊ नये. कुलदीपला लेथ चालवता येत नाही, पण त्याची मापं घ्यायची नजर चांगली आहे. ती माझ्यासारखी आहे, रामरावसारखी नाही.

मायक्रोमीटर मला अश्विनला द्यायचा होता. अश्विन माझ्या पुढच्या खोलीत गणिताची शिकवणी घेतो आणि मला दोन वर्षं मोबाइल शिकवतो आहे. पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही असा कायदा आहे, आणि मला साक्षीदार कमी पडत होते. त्याला विचारलं, मायक्रोमीटर घेतो की सही करतो. तो म्हणाला सही करतो. म्हणून मायक्रोमीटरसुद्धा कुलदीपला.

कलम ५. घर व ठेवी

राजापेठेतलं घर पार्वताबाई हयात असेपर्यंत तिच्या वापरात राहील, कोणी तिला दुसरीकडे हलवू नये, आणि तिच्यामागे ते कुलदीपचं. वरच्या मजल्याचं भाडं आणि बँकेतल्या ठेवी पार्वताबाईच्या औषधपाण्याला. नवमीच्या पूजेवरून तिला कोणी एक शब्द बोलू नये. ती अलीकडे जेवत नाही. देवघरात बसते, आणि मधेच उठून मला विचारते, "आला का रे अकोल्याचा फोन?" रविवारी काही झालं तर ती त्यातून उठणार नाही, आणि हे मी धमकी म्हणून लिहीत नाही, मला खरंच तसं दिसतं आहे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी रागिणीबाईंनी करावी. त्यांनी फी घेतलेली नाही, ती पार्वताबाईने ठेवींतून द्यावी.

कलम ६. माझे क्रियाकर्म

अग्नी कुलदीपने द्यावा. तेरावं करू नये, मला त्या जेवणावळी आवडत नाहीत. अग्नी द्यायला कुलदीपने अकोल्याहून एसटीने यावं. आजोबांच्या गाडीवर, हार घालून वगैरे, येऊ नये.

कलम ७. रविवार

येत्या रविवारी मी मूर्तिजापूरला जाणार आहे, बोलावणं नसताना. कोणाला शिव्या देणार नाही आणि मांडवात शिरणार नाही. लग्न लागू देईन. नवरानवरी गाडीवर बसून मंगल कार्यालयाच्या फाटकाशी येतील तेव्हा मी पुढच्या चाकासमोर उभा राहीन. हातात पाने असतील. कुलदीप खाली उतरला तर अर्ध्या तासात चौकट खोलून चारही स्पिंडल सगळ्या वऱ्हाडासमोर रॉकेलात टाकीन, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खडू लावून कोणावर रेघ उमटली नाही तर त्याच्या पाया पडेन. मी त्याचा काका आहे, तरी पडेन.

मला दोन माणसं सहज उचलून बाजूला ठेवू शकतात, हे मला माहीत आहे. माणिकबाईने ती दोन माणसं नेमूनही ठेवली असतील. त्या ओढाताणीत किंवा गाडीखाली माझं काही बरंवाईट झालं तर तो अपघात समजावा, कोणावर तक्रार करू नये. फक्त त्या क्षणापासून हे मृत्युपत्र लागू होतं. मग गाडी कुलदीपची व्हायची तर कलम दोनची अट आधी पाळावी लागेल. जिवंतपणी माझं ऐकलं नाही, निदान तेव्हा ऐकावं. मला त्यात वाईट वाटणार नाही. मला त्या पोराचे रविवार पुन्हा माझ्या वर्कशॉपात हवे आहेत, पण ते नाही जमलं तर तो कुठेही असू दे, असू दे म्हणजे झालं.

कलम ८.

रागिणीबाईंनी मसुदा वाचून सांगितलं की इथे एक कलम राहिलं आहे. मृत्युपत्रात ज्याला सगळं दिलं तो लिहिणाऱ्याच्या आधी वारला, तर मालमत्ता पुढे कोणाकडे जावी, हे लिहावं लागतं. त्या म्हणाल्या, "काका, सगळ्यांच्याच मृत्युपत्रात असतं हे. नुसती पद्धत आहे. एका ओळीचं काम." मी म्हणालो, बरं. पेन घेतलं, आकडा घातला आणि "कुलदीप माझ्या आधी" एवढं वेगळ्या कागदावर लिहून पाहिलं. त्यापुढचा शब्द मला लिहिता आला नाही. तो कागद मी फाडला. रागिणीबाईंनी पुन्हा समजावलं, मग पेनाचं टोपण लावून ठेवलं. या कलमात मी काही लिहीत नाही. तशी वेळ आली तर घर, लेथ, ठेवी कोणीही घ्या, मला त्यांचं काही करायचं नाही.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, वाचला, आणि तो माझ्या मनाप्रमाणे आहे. याआधी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही.

ठिकाण : राजापेठ, अमरावती
दिनांक : २७ नोव्हेंबर २०२५

(सही) देवीदास खुशालराव होले

साक्षीदार : देवीदासराव होले यांनी आम्हा दोघांच्या देखत या मृत्युपत्रावर सही केली आणि त्यानंतर त्यांच्या देखत आम्ही केली. सही करताना ते शुद्धीत होते. एक प्रत आणि कापडात शिवलेले चार स्पिंडल मी, अश्विन, आजच दुपारच्या गाडीने अकोल्याला स्वतः घेऊन जात आहे. कलम आठ कोरे आहे. ते नजरचुकीने राहिलेले नाही.

(सही) अश्विन गजाननराव ढोके, राजापेठ, अमरावती
(सही) डॉ. विठ्ठल पुंडलिकराव बोंडे, राजापेठ, अमरावती